खोल बाजूची भिंत

मंजू,

तुझा तलावावरचा चष्मा आपल्या पोहण्याच्या संघातल्या अस्माने आणून दिला. तोच जुना, डावी दांडी काळ्या दोऱ्याने गुंडाळलेला. चांगला चष्मा क्लोरीनने खराब होतो म्हणून पोहायला जाताना तू हा घालायचीस. ऑक्टोबरातल्या त्या रविवारपासून तो अस्माच्या पोहण्याच्या पिशवीत राहिला होता. थंडीत आपला तलाव बंद, त्यामुळे तुलाही त्याची आठवण झाली नाही. तुझ्या तेराव्याला, माणसं उठून गेल्यावर, अस्मा माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि टॉवेलात गुंडाळलेला चष्मा तिने ओट्यावर ठेवला. ठेवताना तिने एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे. आणि मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं, हे तुला ठाऊक आहे. "वहिनी भांडतेसुद्धा शुद्धलेखन तपासून," असं तूच म्हणायचीस.

आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. त्या रविवारी तू पाण्यात उडी का मारलीस, एवढाच माझा प्रश्न होता. तू दर वेळी एकच उत्तर दिलंस आणि मला ते कधी पटलं नाही.

मी वाईची. घरापासून कृष्णेचा घाट दिसायचा आणि मी पायरीवर बसून पुस्तक वाचायचे. पाण्यात कधी उतरले नाही. लग्न होऊन दिल्लीत आले, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये पन्नाशी गाठली. मग गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा तुझा भाऊ प्रकाश हसला होता. "हिला? ही बादलीलाही घाबरते." तू मात्र हसली नाहीस. दोन सेक्टर पलीकडून स्कूटरवर आलीस आणि म्हणालीस, "चल वहिनी, आधी कॉस्च्यूम घेऊ."

"मला भीती वाटते गं मंजू."

"डर सगळ्यांना लागतो यार. कॉस्च्यूम घालून घाबर, बास."

सरोजिनी नगरच्या गर्दीत तू माझ्यासाठी पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख शोधत होतीस. दुकानदार म्हणाला, "ले जाओ मैडम, समंदर में भी चलेगा." तू म्हणालीस, "भैया, दिल्ली में समंदर कब आया? भाव तो नाले वाला लगाओ." मी लाजून पुढच्या दुकानात उभी होते. तुला दुकानांची, साहेबांची, खोल पाण्याची, कशाचीच लाज वा भीती नव्हती. मी इतकी वर्षं तुझी भावजय होते, पण आपली मैत्री झाली ती त्या पोशाखापासून.

उथळ बाजूला मी लवकर रुळले. पाय टेकतात तिथे माझं डोकं चालतं. खोल बाजूचं मात्र काही केल्या जमेना. तळाच्या फरश्या खाली खाली जायला लागल्या की माझा श्वास तुटायचा. तेव्हा तू म्हणालीस, "तू फक्त भिंतीला हात लाव. तिथे मी असेन."

"वर, काठावर?"

"वर कशाला? पाण्यात. तुझ्या बाजूला."

आणि तू असायचीस. पूर्ण एक मोसम मी ज्या ज्या वेळी धापा टाकत त्या भिंतीला हात लावला, त्या त्या वेळी तुझा ओला हात माझ्या कोपराखाली आला. "आहे मी, आहे," एवढंच म्हणायचीस.

हा तुझा एक चेहरा. दुसरा मी रविवारी पाहायचे, मुलांच्या शर्यतींना तू जज असायचीस तेव्हा. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि वळणाच्या भिंतीपाशी तू अशी उभी की जणू पाण्यात कुणी चोरी करणार आहे. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसायचे. तुझं काम सोपं वाटायचं: चूक दिसली की हात वर करायचा. पण तो हात वर गेला की एखाद्या मुलाची सगळी शर्यत पुसली जायची.

ती चष्मेवाली मुलगी आठवते? चष्मा काढून आईकडे देताना दोनदा वळून पाहणारी. ती शर्यत एकटीने चारी प्रकार पोहण्याची, मेडले होती: आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल. मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. ब्रेस्टस्ट्रोक संपवताना भिंतीला दोन्ही हात एका वेळी लागावे लागतात; तिने घाईत एकच लावला आणि वळली. तुझा हात वर गेला. तिची आई खाली धावत आली. "आंटीजी, इतनी छोटी बच्ची है! किसी ने देखा भी नहीं!" तू म्हणालीस, "मैंने देखा."

ऑटोत मी पुस्तक उघडून बसले. मुनिरकाच्या सिग्नलला तूच म्हणालीस, "बोल वहिनी, चेहरा नको करू."

"एका हाताने काय बिघडलं? ती रडत होती."

"आज मी पाहिलं नाही असं केलं, तर तिचा हात तसाच पक्का होईल. मग मोठ्या शर्यतीत कुणी अनोळखी माणूस हात वर करेल. त्याला ती रडलेली दिसणार पण नाही."

"आणि तुला दिसली?"

तू ऑटोवाल्याला वळण दाखवलंस. पण मी गॅलरीतून पाहिलं होतं. बक्षिसं चालू असताना तू त्या मुलीला घेऊन कोरड्या भिंतीपाशी उभी होतीस आणि भिंतीवर दोन्ही तळवे टेकून दाखवत होतीस. "दोनों हाथ, बेटा. एक साथ. जैसे भारी अलमारी को धक्का देते हैं." मुलगी नाक ओढत ढकलत होती. तूही ढकलत होतीस. तो वाद तिथे संपला नाही. नियम मोठा की मूल, यावर आपण पुढे कितीतरी ऑटो भांडलो.

त्या भांडणासाठी म्हणून मी नियमावली वाचली. मला कुठलीही छापील गोष्ट पूर्ण वाचल्याशिवाय ठेववत नाही. तुला गंमत वाटली. पाण्याला घाबरणारी बाई पाण्याचे कायदे पाठ करते आहे! पण मला ते आवडले, मंजू. चौघींच्या मेडले रिलेत क्रम बदलतो आणि बॅकस्ट्रोक पहिला येतो, कारण ती सुरुवात पाण्यातूनच होते. मध्ये ठेवला तर येणारी आणि निघणारी एकमेकींवर आपटतील. मेडलेतला फ्रीस्टाइल म्हणजे मनाला येईल ते पोहणं नव्हे, आधीचे तीन प्रकार सोडून दुसरं काहीतरी. कुणीतरी शांतपणे बसून, पाण्यातल्या माणसांना काय काय होऊ शकतं याचा विचार केला होता. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मग पोह ना. नियम येतात, गुडघे सुधारले, अजून काय पाहिजे?"

असा आपला रिलेचा संघ झाला. बॅकस्ट्रोकला हरप्रीत, तुझी शेजारीण, जी आकाशाकडे बघत पोहताना पंख्याची जळमटं मोजल्यासारखा चेहरा करते. ब्रेस्टस्ट्रोकला तू. बटरफ्लायला अस्मा, पुण्याच्या कॅम्पातून गुडगावच्या आयटीत आलेली, आपल्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात दमदार. आणि शेवटी फ्रीस्टाइलला मी. "शेवटी मी? अगं, सगळी शर्यत माझ्या गळ्यात?" मी म्हटलं.

तेव्हा तू मला नियमावलीतलं ते वाक्य दाखवलंस, जे माझ्या नजरेतून सुटलं होतं. फ्रीस्टाइलमध्ये पोहणाऱ्याला तळावर पाय टेकून उभं राहता येतं. फक्त पाऊल टाकायचं नाही.

"दमलीस तर उथळ बाजूला उभी राहा. श्वास घे. कुणी हात वर नाही करणार. चारांत ही एकच जागा अशी आहे, म्हणून तुला दिली."

किती कठोर बाई म्हणायचे तुला लोक. नियमांच्या त्या कोरड्या पानांत तू माझ्यासाठी उभं राहायची जागा शोधून ठेवली होतीस.

ऑक्टोबरातला तो रविवार. प्रौढांच्या शर्यती, आपल्या वयोगटात तीनच संघ. म्हणजे पोहून पोचलो की पदक नक्की. हरप्रीतने तर पदक कुठे टांगायचं तेही ठरवलं होतं. सुरुवात आणि शेवट दोन्ही खोल बाजूला होते. निघण्याआधी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "ऐक. आज मी भिंतीपाशी असेन, पण वर. पाण्यात नाही. सगळ्या संघांची शेवटची बाई पोचेपर्यंत दुसऱ्या कुणी पाण्यात उतरलं, तर आपण बाद."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी वाचलं आहे."

"वाचलंयस म्हणून नाही सांगत. तू मला खाली शोधशील म्हणून सांगते."

हरप्रीत गेली, आली. तू गेलीस, आलीस, दोन्ही हात एका वेळी, अलमारीला धक्का दिल्यासारखे. अस्मा गेली, आली. मी काठावरून पाण्यात गेले. जाताना बरं गेलं. उथळ टोकाला मी उभी राहिले, नियमाप्रमाणे, पाऊल न टाकता, आणि परत निघाले. खालच्या फरश्या खोल जाऊ लागल्या. पुढचं मला नीट आठवत नाही. भिंतीला माझा हात लागला. काठ वाटला त्याहून उंच होता, बोटं घसरली, नाकातोंडात थोडं पाणी गेलं आणि मी खोकले. लेनची दोरी हाताशी होती. मी बुडत नव्हते. आणि मग शेजारी धप्पकन आवाज झाला आणि कोपराखाली तो हात आला. "आहे मी, आहे."

शेजारच्या लेनमधली निळ्या टोपीची बाई अजून अर्ध्या वाटेवर होती.

काठावर बत्राजी उभे होते. तुझ्याबरोबर कितीतरी वर्षं हेच काम करणारे. त्यांचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडखळला.

"मैडम... आप तो जानती हैं..."

तू पाण्यातून, एका हाताने मला धरून, त्यांना म्हणालीस, "पूरा ऊपर कीजिए, बत्राजी. आधा हाथ किस काम का?"

त्यांनी हात वर केला. तू मान डोलावलीस, एखाद्या मुलाचं वळण बरोबर आल्यावर डोलवायचीस तशी.

हरप्रीत काठावर कंबरेवर हात ठेवून उभी. "ओए मंजिरी! सारी उम्र बच्चों को रुलाया, आज अपनी बारी आ गई!" मग ती इतकी हसली की खाली बसली. अस्मा हसली नाही. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

"मला वाटलं सगळ्या पोचल्या," तू म्हणालीस. "चुकली मी. बात खतम."

पण बात खतम झाली नाही. तुला, जिला पलीकडच्या काठावरून शेवटच्या लेनमधल्या मुलाचा अंगठा दिसायचा, तुला शेजारच्या लेनमधली निळी टोपी दिसली नाही? मला वाटलं, तुला मी बुडते आहे असं वाटलं. आणि त्याचा मला राग आला. एवढं शिकून, एवढं पोहून, तुझ्या नजरेत मी अजून घाटाच्या पायरीवरची मुलगीच होते.

"मी बुडत नव्हते," मी दिवाळीत म्हटलं, तुझ्या घरी चकल्या तळताना.

"कुणी म्हटलं बुडत होतीस?"

"मग उडी का मारलीस?"

"अरे यार वहिनी, सांगितलं ना. शर्यत संपली असं वाटलं. माणसाची चूक होत नाही का?"

सगळा हिवाळा लोकांनी तुला छळलं. तुझ्या ऑफिसात, आपल्या मराठी मंडळात. ज्या आयांच्या मुलांना तू बाद केलं होतंस, त्यांना तर सणच मिळाला. तू सगळ्यांबरोबर हसलीस. संक्रांतीला मंडळाच्या बसने आपण पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला गेलो, तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "काय जजबाई, आज उडी कुठे?" तू उठून उभी राहिलीस आणि वाकून नमस्कार केलास. सगळी बस हसली.

स्मारकापाशी ऊन कोवळं होतं. मी तुला परत विचारलं. तू माझ्या हातावर तिळगूळ ठेवलास आणि म्हणालीस, "बघ वहिनी. लोक इतक्या लांबून हरलेल्या लढाईपुढे हात जोडायला येतात. आणि तू एका मेडलसाठी माझं डोकं खातेस."

"मेडलसाठी नाही गं."

"मग कशासाठी?"

मी सांगणार होते. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आपल्याला वाटलं, सांगायला वेळ आहे.

फेब्रुवारीत ज्या सकाळी तू गेलीस, त्या सकाळीही तू मला फोन केला होतास. काही विशेष नाही, हरप्रीतच्या गाजराच्या लोणच्याबद्दल. त्या फोनबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही. तो माझ्यापाशी राहू दे.

आता अस्माने सांगितलेलं सांगते. ते तुला माहीतच आहे, पण मला माहीत झालं आहे हे तुला कळायला हवं.

ती म्हणाली, "काकू, मी नुकतीच पाण्यातून वर आले होते. मंजूमावशी वाकून तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही भिंतीला हात लावला आणि तुमचं तोंड... तुम्ही इकडे-तिकडे बघत होतात. खाली. पाण्यात. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मावशी थांबा, निळी टोपी यायची आहे. त्या म्हणाल्या, 'दिसतंय मला. चष्मा पकड.'"

चष्मा काढून दिलास. म्हणजे घाई नव्हती. भानावर होतीस.

"नंतर कपडे बदलताना मला म्हणाल्या, 'वहिनीला बोलायचं नाही. तिला वाटेल, तिच्यामुळे सगळ्यांचं मेडल गेलं आणि परत पाण्यात येणार नाही ती. त्यापेक्षा मी चुकली, असंच राहू दे.'"

अस्मा रडत होती. मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद केला आणि चष्मा टॉवेलाच्या कोपऱ्याने पुसला.

मंजू, तू मला बुडताना पाहिलं नव्हतंस. तू मला शोधताना पाहिलंस. मी तुला खाली शोधणार हे तुला आधीच ठाऊक होतं, आणि तरी तू मला नियम सांगितलास, आणि तरी उडी मारलीस. शिवाय सूट मागितली नाहीस. बत्राजींचा अडलेला हात तू वर करायला लावलास. मला वाटायचं, नियम मोठा की मूल, यात तू एका बाजूला आहेस आणि मी दुसऱ्या. त्या कोरड्या भिंतीवर मुलीबरोबर तळवे टेकून उभी असलेली तू मला दिसत होतीस, तरी मी तसंच समजत राहिले.

आणि मग सगळा हिवाळा, जिला नियम श्वासाइतके पाठ, ती तू, नियम विसरलेली बाई म्हणून फिरलीस. बसमध्ये वाकून नमस्कार केलास. हे सगळं माझा पाय पाण्यातून मागे येऊ नये म्हणून.

मी बुडत नव्हते हे माझं म्हणणं अजून कायम आहे. एवढं तरी मला जिंकू दे.

एप्रिलात तलाव उघडला. मी जाणार नव्हते. प्रकाश म्हणाला, "मंजू असती तर तुला कानाला धरून नेली असती." बोलला आणि खिडकीकडे वळला, भाऊ आहे, त्याला तुझं नाव अजून सहज घेता येत नाही. मग मी तो पूर्ण बाह्यांचा पोशाख काढला. कोपराशी विटला आहे. समुद्रात चालला असता की नाही कोण जाणे.

हरप्रीत आणि अस्मा फाटकाशी उभ्या होत्या. "ब्रेस्टस्ट्रोक कोण करणार?" हे त्या दोघींनाही विचारायचं होतं. मी अस्माला तुझा चष्मा धरायला दिला. ती म्हणाली, "काकू, मी तिकडे पाण्यात थांबू?"

"नको," मी म्हटलं. "वर थांब."

मी उथळ बाजूने निघाले. जिथपर्यंत पाय पुरतात तिथे, अगदी शेवटच्या जागी, मी उभी राहिले. पाऊल टाकलं नाही. पुढे सगळं निळं आणि खोल होतं आणि भिंतीपाशी पाण्यात कुणी नव्हतं. मी तिथे बराच वेळ उभी होते, मंजू. कुणी हात वर केला नाही. मग श्वास घेतला आणि निघाले. खालच्या फरश्या गेल्या. या वेळी मी इकडे-तिकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं, तुझ्या भिंतीकडे.

फ्रीस्टाइलला भिंतीशी एक हात पुरतो. मी दोन्ही लावले, एका वेळी.